नवशिक्यांचा तंबू आणि लेखकाचा शब्द

मराठीत ‘तळ’, ‘छावणी’, ‘राहुटी’, ‘पाल’ असे शब्द पुष्कळ आहेत. पण ते फौजेचे, वारीचे किंवा भटक्यांच्या बिऱ्हाडाचे. घरदार असताना केवळ हौसेखातर रानात तंबू ठोकून राहावे, ही कल्पना त्या शब्दांत मुळात नाही. ती एकोणिसाव्या शतकातील शहरी माणसाची आहे, आणि अमेरिकेत तिचा प्रसार होण्यात एका पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. साहित्य शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना त्या पुस्तकाची हकीकत अस्वस्थ करते.

विल्यम एच. एच. मरे हा बॉस्टनच्या पार्क स्ट्रीट चर्चचा तरुण धर्मोपदेशक. १८६९ च्या वसंतात त्याचे ‘ॲडव्हेंचर्स इन द विल्डरनेस’ प्रसिद्ध झाले. विषय होता न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅकचे डोंगर आणि तिथली सरोवरे. पुस्तकाच्या आरंभी नवख्यांसाठी व्यवहारी सल्ला आहे: सामान एका पिशवीत मावेल एवढेच घ्यावे, वाटाड्याला दिवसाला अडीच डॉलर द्यावेत, स्त्रियांनीही निर्धास्त यावे, मात्र चेहऱ्यावर जाळी घ्यावी. त्यापुढे कथा येतात. त्यांत धबधब्यावरच्या भुताचीही एक आहे. सल्ला आणि कल्पित यांची ही शेजारवस्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण सल्ल्याच्या भागातही कथाकार गप्प बसलेला नाही. क्षयाने खंगलेला एक तरुण त्या वनात राहून धडधाकट होऊन परततो, असा प्रसंग तिथे येतो. चावऱ्या काळ्या माशीला तर मरे जवळजवळ निरुपद्रवी ठरवतो.

त्या उन्हाळ्यात शहरांतून माणसांची रीघ लागली. रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे जोडलेली पर्यटक-आवृत्तीही निघाली. पण पावसाने झोडपले, माश्यांनी फोडून काढले; खानावळी आणि वाटाडे अपुरे पडले. बरे होण्याच्या आशेने आलेले क्षयरोगीही त्या गर्दीत होते. वृत्तपत्रांनी या नवशिक्यांना ‘मरेचे मूर्ख’ असे नाव ठेवले. मरेने त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मधून उत्तर दिले; दोष अवकाळी हवेवर आणि येणाऱ्यांच्या अननुभवावर ठेवला. आता, ज्यांना अनुभव नाही त्यांच्यासाठीच तर सल्ला लिहिलेला असतो! वर्णन करणारा वाचकाकडे रसिकता मागतो. सल्ला देणारा त्याच्याकडून विश्वास घेतो, आणि त्या विश्वासावर वाचक खरोखर घराबाहेर पडतो.

या जातीच्या लेखनाला वळण लावले ते जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्सने. ‘नेसमक’ या टोपणनावाने त्याने १८८४ साली ‘वुडक्राफ्ट’ लिहिले. माशी निरुपद्रवी आहे असे तो म्हणत नाही. तो पाइनचे डांबर तीन औंस, एरंडेल दोन औंस आणि पेनीरॉयल तेल एक औंस मंद आचेवर आटवून अंगाला चोपडायला सांगतो. त्याच्या या कृतीत रानाविषयीचे प्रेम कमी नाही, मात्र वाचकाच्या कातडीचीही काळजी आहे.

तरीही मरेला निव्वळ आरोपी करून आम्हाला थांबता येत नाही. त्याच्या वाचकांपैकी अनेक पुन्हा गेले, आणि त्या प्रदेशाविषयी आस्था असलेला एक वर्ग तयार झाला. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तिथले वन राखीव केले, १८९२ मध्ये ॲडिराँडॅक पार्क झाले आणि १८९४ मध्ये राज्यघटनेनेच ते वन कायम वन्य ठेवण्याची हमी दिली. लाकूडतोड आणि जलस्रोतांची चिंता ही त्यामागची मोठी कारणे खरी. पण लोकांच्या मनात ते रान आधी शब्दांनीच उभे केले होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे: मोहॉक आणि अबेनाकी लोक ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला येत, ते शहरी वाचकांच्या मनात निर्जन म्हणून ठसले.

असो. ‘लेखन वास्तवाला बांधील असते काय?’ हा प्रश्न आम्ही वर्गात कादंबरीच्या संदर्भात विचारतो. तो यापुढे एखाद्या साध्या मार्गदर्शक पुस्तिकेलाही विचारावा, असे आम्हाला वाटते. भिजलेल्या तंबूत बसलेल्या त्या वाचकाच्या दृष्टीने तो प्रश्न तात्त्विक नव्हता.