निबंधमालेचा तराजू

मराठीत पुस्तकाच्या परीक्षणाला धार आली ती ‘निबंधमाले’पासून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हे मासिक १८७४ च्या जानेवारीत सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. जवळजवळ सगळा मजकूर ते एकटेच लिहीत. परंपरेचा अभिमान त्यांनी कधी लपवला नाही. सुधारकांवर तर ते तुटूनच पडत.

त्यांचा ‘इतिहास’ हा निबंध मला आजही मोलाचा वाटतो. जेम्स मिलने १८१७ साली हिंदुस्थानचा इतिहास छापला, तो हिंदुस्थान न पाहता आणि इथली एकही भाषा न शिकता. अशा ग्रंथांना प्रमाण मानण्याच्या काळात, परक्यांनी लिहिलेला आपला इतिहास तपासून घ्या, असे शास्त्रीबुवा बजावत होते. नुसते बजावून ते थांबले नाहीत. १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’त त्यांचा पुढाकार होता, त्यातून जुन्या बखरी छापून आल्या. (फौज, दौलत, मसलत अशा फारसी-अरबी शब्दांवाचून बखरीचे पान सरकत नाही, हे जाता जाता सांगतो.)

मग जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ त्यांच्या तराजूत आले. पुस्तक १८७३ चे. जोतीराव आणि धोंडीबा यांचा हा संवाद. मत्स्य, वराह, वामन या अवतारकथा फुल्यांनी परक्या स्वाऱ्यांचा इतिहास म्हणून वाचल्या. बळी हा त्यांच्या लेखी लुबाडला गेलेला आपला राजा. तपासायला यात पुष्कळ जागा होती. काही व्युत्पत्ती तर उघडच ओढूनताणून आणलेल्या आहेत. पुरावा मागण्याची कसोटी शास्त्रीबुवांच्या हाती होतीच. पण मिलच्या जातीच्या ग्रंथांना लावलेली ती कसोटी इथे बाजूला राहिली. भर राहिला तो लेखकाच्या व्याकरणावर आणि त्याच्या विद्वत्तेच्या टिंगलीवर. पुस्तकातला मूळ प्रश्न, अक्षरापासून कोणाला कोणी दूर ठेवले हा, अनुत्तरितच राहिला.

माझ्यासारख्या मुसलमान कवीला ‘तुमचे मराठी किती शुद्ध!’ हे कौतुक ऐकण्याची सवय आहे. म्हणून असेल, हे परीक्षण मला जरा जास्तच टोचते.

१७ मार्च १८८२ रोजी शास्त्रीबुवा वारले. बत्तिशीही पुरी झाली नव्हती. त्याच वर्षी फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. खेड्यापाड्यांतल्या शाळांत काय शिकवावे, याची यादी त्यात आहे. मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीच्या माहितीबरोबर त्यांनी आणखी दोन विषय मागितले होते: इतिहास आणि व्याकरण.