जुन्या कसरती मॉडेल विमानांची स्पर्धा आणि तिची नियमावली

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडॉर्फ येथे झाली. अमेरिकेचे एड काझमिर्स्की ‘ओरायन’ या स्वतःच आरेखलेल्या विमानासह तिचे विजेते ठरले. पुढे १९६७ मध्ये फिल क्राफ्ट यांनी ‘क्विक फ्लाय’ने व १९७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या हान्नो प्रेटनर यांनी ‘कुरारे’ने हेच पद मिळविले. त्या काळातील अनेक विमानांचे नकाशे नियतकालिकांतून छापले जात, आणि बाल्सा लाकूड कापून हौशी माणूस ती घरी बांधू शके. आजची स्पर्धेतील विमाने दोन मीटरपर्यंत लांबीची, कार्बन तंतूंची व महागडी आहेत. जुन्या स्पर्धेचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्यांची ओढ आहे ती या हरवलेल्या घरगुतीपणाकडे.

नियम करताना पहिला पेच येतो तो ‘जुने’ या शब्दाचा. त्या वेळची मूळ विमाने फारशी उरलेली नाहीत. काही कोसळली, काहींचे लाकूड इंधनातील तेल पिऊन कुजले. म्हणून आरेखन जुने हवे, बांधणी नवी चालेल, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. अमेरिकेतील सीनियर पॅटर्न असोसिएशनने त्यासाठी १९७६ पूर्वीची आरेखने ही मर्यादा स्वीकारली. मर्यादा कोणतीही घातली तरी पुराव्याचा भार स्पर्धकावर असावा: छापील नकाशा, जुना संच किंवा तत्कालीन छायाचित्र. बाह्याकृती मूळ नकाशाबरहुकूम राहावी. आतील जोडणीत मोकळीक द्यावी. मात्र आरेखन मोठे करून बांधण्यास मुभा देऊ नये. मोठे विमान वाऱ्यात अधिक स्थिर उडते, आणि एकाने ते आणले की इतरांनाही खर्चाच्या त्याच शर्यतीत उतरावे लागते.

इंजिनाचा नियम सर्वाधिक वादाचा. त्या काळी १० घनसेंटिमीटरची मर्यादा होती. पण तेवढ्याच क्षमतेचे आजचे टू-स्ट्रोक इंजिन कितीतरी जोमदार असते, फोर-स्ट्रोकला बरोबरीसाठी अधिक क्षमता लागते, आणि विद्युत मोटारीला तर घनसेंटिमीटर लागूच होत नाहीत. तिच्यासाठी बॅटरीच्या व्होल्टेजवर बंधन घालावे लागते. तरीही विद्युत विमानांना दार बंद करणे शहाणपणाचे नाही. आवाजाच्या तक्रारींपायी मैदानच गेले, तर इतिहासाची शुद्धता उडवायची कोठे?

रेडिओच्या बाबतीत मात्र हट्ट नको. जुन्या ‘रीड’ संचात प्रत्येक ध्वनिलहरीला धातूची एक पाती थरथरे आणि सुकाणू एकदम टोकाला जाई; वैमानिक बटणावर टिचक्या मारून ते सांभाळी. ते कौशल्य थोर खरे, पण सुरक्षिततेसाठी २.४ गिगाहर्ट्झचा संचच बरा. विमान आपोआप स्थिर ठेवणारा जायरो तेवढा वर्ज्य करावा, कारण त्यातून हाताची परीक्षाच उरत नाही.

कसरतींचा क्रमही जुनाच हवा. पूर्वी प्रत्येक कसरत पंचांसमोर होई, तिला शून्य ते दहा गुण मिळत व काठिण्याच्या गुणकाने ते गुणले जात. विमान वळवून परत आणण्याला गुण नसत. आज टोकाची वळणेही गुणांकित कसरतीच असतात. जुनी विमाने वेगवान असून मोठा पल्ला घेतात, त्यांना ती आखीव चौकट मानवत नाही. शिवाय वळणावरची ती बिनगुणांची उसंत नवख्याला पुढील कसरत आठवायला पुरते.