शाबूत अर्ध्यावर उभा संगणक

एप्रिल १९८२ मध्ये केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आणला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. या स्वस्ताईचे श्रेय कल्पकतेला दिले जाते. आम्हांला मात्र त्यात सदोष मालाचाही वाटा दिसतो. वाढीव ३२ किलोबाइटसाठी लावलेल्या आठ चिप्स बहुधा मुळात ६४ किलोबिटच्या, पण चाचणीत निम्मा भाग नापास झालेल्या असत. शाबूत अर्धा कोणता, हे चिपवरील खुणेवरून कळे आणि बोर्डावरची एक तार त्यानुसार जोडली जाई.

१६ चा संच ४८ चा करू पाहणाऱ्यांची फसगत इथेच होई. प्रत्येक बाइटचा एकेक बिट एकेका चिपमध्ये. त्यामुळे आठांत एकच विजोड आली, तरी अक्षर बिघडे. (पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे नवे नाही.) यंत्र मात्र तक्रार करत नसे. सुरू होताना ते स्मृती तपासी, पहिला दोष आढळे तिथेच आपली सीमा मानी आणि पडद्यावर नेहमीचीच ओळ दाखवी. ती सीमा २३७३२ व २३७३३ या स्थानांत नोंदलेली असे. ६५५३५ निघाले तर काम फत्ते. ३२७६७ निघाले तर वरची स्मृती जणू बसवलेलीच नाही. मधलाच आकडा निघाला, तर पहिल्या दोषाचा पत्ता हाती लागे.