संग्राह्य चित्रपत्ते : मंचर परिसर

खेळाडू, पैलवान, सिनेनट किंवा कार्टूनमधली पात्रे यांची चित्रे असलेले, मालिकेने छापले जाणारे आणि जमवण्यासाठी, अदलाबदलीसाठी किंवा खेळण्यासाठी वापरले जाणारे लहान पत्ते. बोलण्यात यांना ‘क्रिकेटचे पत्ते’, ‘डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते’, ‘ट्रम्प कार्ड’ असे म्हणतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये या पत्त्यांचा संग्रह हा जुना छंद असून आज तो मोठा व्यापारही आहे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत, म्हणजे मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर या बाजारपेठांच्या टापूत, हे पत्ते आले ते मुलांच्या खिशात आणि तिथेच झिजले. जपून ठेवण्यापेक्षा खेळून संपवण्याची ही वस्तू होती. इथला तिचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

उगम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेपू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेईल, हे अमेरिकेतील ॲलन अँड गिंटर कंपनीने ओळखले आणि १८८०च्या दशकात खेळाडू, नट्या, पक्षी यांच्या मालिका काढल्या. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. ससेक्सकडून खेळणारे रणजितसिंहजी तिच्यात होते. त्यांनी इंग्लंडकडून कसोटीत पदार्पण करून मँचेस्टरला नाबाद १५४ धावा केल्या, तेही याच वर्षी. भारतीय क्रिकेटपटू चित्रपत्त्यावर आला तो असा, परक्या देशाच्या तंबाखूबरोबर. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० साली इंग्लंडमधली सिगारेटची कार्डे बंद पडली.

अमेरिकेत तोवर तंबाखूची जागा च्युइंगगमने घेतली होती. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलपटूंची ४०७ पत्त्यांची मालिका काढली. पुढच्या बाजूला रंगीत चित्र आणि मागे खेळाडूची आकडेवारी ही आज सर्वत्र दिसणारी रचना त्या मालिकेने रूढ केली. तिच्यातील उशिरा छापलेले पत्ते खपले नाहीत, म्हणून १९६० साली ते बोटीत भरून समुद्रात टाकण्यात आले. त्याच उशिराच्या भागातील मिकी मँटलचा एक पत्ता ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला. पत्त्याची किंमत चित्रापेक्षा त्याच्या दुर्मीळपणावर आणि कोपरे किती कोरे राहिले यावर ठरते. १९९१पासून पीएसएसारख्या कंपन्या पत्ता तपासून त्याला एक ते दहा अशी श्रेणी देतात व प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात.

दख्खनची पूर्वपीठिका. चित्रांचे पत्ते महाराष्ट्राला नवे नव्हते. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची दशावतारी गंजिफा १२० गोल पत्त्यांची असते : दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते. ती जमवायची नसून खेळायची. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लक्ष घातले, म्हणून ती कला टिकली. छापील चित्र घरोघरी पोहोचवण्याचे काम मात्र पुणे जिल्ह्यात झाले. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. देवादिकांची आणि पौराणिक नायिकांची रंगीत चित्रे तिथून देशभर गेली. धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यात काम केले होते. विलायती कापडाच्या गाठींवर चिकटवलेली देवांची, राजांची, वाघ-हत्तींची रंगीत तिकिटे लोक सोलून जपत. मुंगेरच्या पेनिन्सुलर टोबॅको कंपनीने १९०९च्या सुमारास हिंदू देवतांची सिगारेट-कार्डे काढली. चित्रासाठी वस्तू घ्यायची, ही सवय अशी क्रिकेटच्या आधीच लागलेली होती.

चित्रपटांनी तिला आणखी बळ दिले. सिनेमागृहाबाहेर गाण्यांच्या पातळ पुस्तिका मिळत : मुखपृष्ठावर नायक-नायिका, आत कथासार आणि गाणी. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या पुस्तिका आजही संग्राहक शोधत असतात. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा पुस्तिका, भित्तिपत्रके आणि स्थिरचित्रे जतन केली आहेत.

मंचर परिसरातील चलन. पुणे-नाशिक रस्त्यावरचे मंचर हे बटाटा, कांदा, तरकारीच्या उलाढालीचे गाव. तालुक्याचे ठाणे घोडेगावला असले तरी खरेदीला पंचक्रोशी येते ती मंचरला. पुण्याच्या बाजारातला माल इथे येई आणि पुढे आडगावच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचे. पत्त्यांचा प्रवासही तसाच झाला.

छापील पत्ते येण्याआधी मुलांनी आपले पत्ते स्वतःच केले होते. काडेपेटीवरचे छाप आणि रिकामी सिगारेटची पाकिटे हे ते चलन. पाकिटाचा दर्शनी भाग फाडून सपाट करायचा, रिंगणात मांडायचा आणि चपट्या दगडाने उडवायचा. सहज न सापडणाऱ्या पाकिटाचा भाव जास्त. हे भाव कोणी छापत नसे, मुले आपसांत ठरवत आणि आळीआळीने ते बदलत. किराणा दुकानात टांगलेले सोरट हा दुसरा मार्ग : पैसे देऊन चिठ्ठी फाडायची, आकडा लागला तर फुगा, शिट्टी किंवा सिनेनटाचा फोटो. यात्रेच्या पालांतही हे फोटो मिळत.

या टापूचे स्वतःचे तारे होते तमाशाचे. नारायणगाव हे तमाशाचे माहेर. यात्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे नाव या भागात कोणत्याही सिनेनटीपेक्षा कमी नव्हते. फडांच्या भित्तिपत्रकांवर अशी नावे मोठ्या अक्षरांत असत. पत्ते छापणाऱ्यांनी मात्र मुंबईचे नट, कसोटीपटू आणि परदेशी पैलवान निवडले, कारण एकाच छपाईवर माल साऱ्या देशात खपवायचा होता. ही मोठी उणीव म्हणावी लागेल. जिथे दर चैत्रात शेकडो माणसे रात्रभर कलावंत पाहत बसतात, तिथल्या कलावंतांची चित्रमालिका निघाली असती तर आज ती लोककलेच्या इतिहासाचे साधन ठरली असती.

क्रिकेटचे वेड १९८३च्या विश्वविजयाने गावागावांत नेले. मराठीत संदीप पाटील यांच्या संपादनाखाली ‘एकच षट्कार’ निघू लागले. त्यातली रंगीत छायाचित्रे कापून वहीत चिकटवणे हा अनेक घरांत पहिला संग्रह ठरला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे आणि धावा-बळींचे आकडे येऊ लागले. ठरावीक धावा-बळी जमले की बदल्यात पाने भराभर उलटली की फटका हलताना दिसे अशी चिमुकली पुस्तिका मिळत असे. १९९९च्या विश्वचषकावेळी ब्रिटानियाने बिस्किटांच्या वेष्टनांवरच्या धावा जमवायला लावल्या, तीही याच युक्तीची पुढची पायरी.

ट्रम्प कार्ड. या परिसरातील चित्रपत्त्यांचा खरा बहर १९९०च्या दशकातला. केबलवर अमेरिकी कुस्ती दिसू लागली आणि तिच्या पाठोपाठ डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांचे पत्ते दुकानांत आले. केबल न पोहोचलेल्या वाड्यावस्त्यांवरही पत्ते पोहोचले. अनेक मुलांनी हल्क होगन, अंडरटेकर, ब्रेट हार्ट ही माणसे पडद्यावर पाहण्याआधी पत्त्यावर पाहिली. तालमीची आणि यात्रेतल्या कुस्तीच्या आखाड्याची ओळख असलेल्या भागात पैलवानाचे वजन आणि छाती हा विषय समजावून सांगावा लागत नव्हता.

प्रत्येक पत्त्यावर फोटोखाली तक्ता असे : रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती खेळला, किती जिंकला. पत्ते सारखे वाटून पालथी गड्डी हातात धरायची. ज्याची पाळी त्याने वरचा पत्ता पाहून एक रकाना पुकारायचा, ‘वजन!’ म्हणून आकडा सांगायचा. बाकीच्यांनी आपापल्या वरच्या पत्त्याचे वजन सांगायचे. ज्याचे जास्त, तो सगळे पत्ते उचलून गड्डीच्या तळाशी सारतो आणि पुढचा रकाना तोच पुकारतो. रँकमध्ये मात्र उलटे, एक नंबर सगळ्यांत भारी. योकोझुना हातात आला की वजन पुकारायचे, जायंट गोन्झालेझ आला की उंची, हे न शिकवता कळे. तरबेज मुलाला सगळ्या गड्डीचे आकडे पाठ असत आणि समोरच्याच्या हाती कोणता पत्ता वर आला असेल याचाही त्याला अंदाज असे. मराठी शाळेतल्या कित्येक मुलांनी इंग्रजीतला तक्ता पहिल्यांदा वाचला तो इथे. शिक्षणाच्या इतिहासकारांनी या पत्त्यांकडे अजून वळून पाहिलेले नाही, पाहायला हवे.

क्रिकेटच्या गड्डीत सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, शतके, बळी, झेल हे रकाने. फलंदाजाचा पत्ता बळींवर मार खाई, म्हणून कपिल देवसारखा अष्टपैलू दोन्हीकडून चाले. पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले. पत्त्यावरच्या आकड्यांत बलाढ्य असलेला संघ मैदानात कसा कोसळतो, हे तेव्हा जिल्ह्याने जवळून पाहिले.

या पत्त्यांतले पुष्कळसे स्वस्त छपाईचे आणि बिनपरवाना होते. फोटो पुसट, नावांत चुका, पुठ्ठा हलका. एकाच पैलवानाचे वजन दोन छपायांत वेगळे निघे आणि त्यावरून भांडणे होत. डबल आलेला पत्ता बदलून घ्यायचा, दुर्मीळ एकासाठी दोन-तीन द्यायचे, हा व्यवहार मधल्या सुटीत चाले.

पुढे चिप्सच्या पाकिटांतून टॅझो नावाच्या गोल चकत्या आल्या. २००३मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झाल्यावर त्याचे टॅझो आणि पत्ते मुलांच्या हाती दिसू लागले. आयपीएलनंतर टॉप्सचे ‘क्रिकेट अटॅक्स’ परवान्यासह बाजारात आले : चकचकीत पुठ्ठा, संघांची बोधचिन्हे आणि संग्रहासाठी खास वही. तोवर मुलांच्या हातात मोबाइल येऊ लागला होता.

कालनिश्चिती. जुन्या देशी पत्त्यांवर छपाईचे वर्ष क्वचितच असते. त्यांचा काळ छापलेल्या आकड्यांवरून काढता येतो आणि संग्राहकाला याहून चांगले साधन नाही. सचिन तेंडुलकरचे एकदिवसीय सामन्यातील पहिले शतक ९ सप्टेंबर १९९४ रोजी कोलंबोत झाले. त्याच्या नावापुढे एकदिवसीय शतके शून्य असतील, तर आकडेवारी त्यापूर्वीची. कपिल देवचे कसोटी बळी ४३१पेक्षा जास्त असतील, तर ती फेब्रुवारी १९९४ किंवा त्यानंतरची, कारण रिचर्ड हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम त्याने तेव्हा मोडला. ४३४ हा त्याचा अखेरचा आकडा. गावस्करच्या नावे १०,१२२ धावा व ३४ शतके हे निवृत्तीनंतरचे पक्के आकडे, त्यांवरून फक्त १९८७ची मागची मर्यादा कळते. पैलवानांच्या पत्त्यांवर डब्ल्यूडब्ल्यूएफऐवजी डब्ल्यूडब्ल्यूई असेल तर तो मे २००२नंतरचा. उलट नियम मात्र लागत नाही, जुन्या साच्यावरून नंतरही छपाई होत राहिली. पाकिटावरची किंमत आणि छापणाऱ्याच्या ठिकाणात ‘बॉम्बे’ आहे की १९९५नंतरचे ‘मुंबई’, हेही पाहावे.

जतन. पुण्यात सहकारनगरला क्रिकेटच्या वस्तूंचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय आहे. तिथे बॅटी आणि खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांना मान आहे. पोरांच्या हातातले पत्ते अजून घरोघरच्या ट्रंकांत आणि माळ्यांवर आहेत. हलका पुठ्ठा लवकर पिवळा पडतो. भीमाशंकरकडच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळी दमटपणाने पत्ते एकमेकांना चिकटतात आणि सोलताना चित्र निघते. गड्डीला लावलेला रबर काही वर्षांत वितळून कडा डागाळतो, म्हणून तो आधी काढावा. पत्ते आम्लरहित कागदात सुटे ठेवावेत, लॅमिनेट करू नयेत. प्रत्येक पत्त्याबरोबर तो कोणत्या गावच्या दुकानातून, किती पैशांना, कशाबरोबर मिळाला हे लिहून ठेवावे. वेष्टन उरले असेल तर तेही टाकू नये, कारण मालिकेचे नाव आणि छापणाऱ्याचा पत्ता बहुधा त्यावरच असतो.