व्हिसा : एका शिक्क्याचा इतिहास



बडोद्यातील मराठी घरांत व्हिसा हा शब्द आता माजघरापर्यंत पोहोचला आहे. या सभागृहात बसलेल्या कित्येक पालकांच्या घरी मुलाखतीची तारीख, बँकेचे कागद आणि जन्माचा दाखला यांची चर्चा आजही चालू असेल. त्या चर्चेत व्यवहाराचे मार्गदर्शन करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावासा वाटतो : दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत घ्यावे की नाही, हे कशाच्या आधारे ठरते? अमेरिकेने या प्रश्नाची दिलेली उत्तरे आपल्या लोकांच्या आयुष्यातून गेली आहेत, म्हणून तेवढ्यापुरतेच आज बोलतो.

हा शिक्का फार जुना नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही. १९१३ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही तो लागला नाही. याचा अर्थ दार सर्वांना उघडे होते असा मात्र नव्हे. आनंदीबाई पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा अमेरिकेने केला होता. पुढे १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग, त्यात हिंदुस्थानही, प्रतिबंधित ठरवला. विद्यार्थी, व्यापारी, प्रवासी अशा काहींनाच त्यातून सूट होती. त्याच वर्षी महायुद्धाच्या निमित्ताने पारपत्र व व्हिसा यांची सक्ती झाली. युद्ध संपले, सक्ती उरली. १९२० मध्ये हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा झाला आणि १९२४ च्या अमेरिकन कायद्याने स्थलांतरितांसाठी परदेशातील वकिलातीत व्हिसा घेणे कायमचे बंधनकारक केले.

या १९२४ च्या कायद्यात एक मेख होती. ज्याला अमेरिकेचे नागरिक होता येत नाही, त्याला स्थायिक होण्यासाठी प्रवेशच नाही. मग नागरिक कोणाला होता येत असे? १७९० च्या कायद्याप्रमाणे केवळ ‘गोऱ्या’ स्वतंत्र माणसाला. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. हिंदी माणूस यांपैकी कोठे बसतो, हा वाद न्यायालयांत गेला.

या वादात आपल्या परिसराशी नाते सांगणारे एक नाव आहे. सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेत जन्मलेले गृहस्थ. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकारी पक्षाने तेथे हरकत घेतली होती. ती फेटाळली गेल्यावर सरकारने अपील केले नाही. पंडित पुढे वकील झाले. अमेरिकन सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी शीख तरुणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा थिंद यांच्या वकिलांपैकी ते एक होते.

थिंद यांच्या बाजूने झालेला युक्तिवाद आज वाचताना मन अस्वस्थ होते. उच्चवर्णीय हिंदी माणूस आर्य, म्हणून गोरा, असा त्याचा गाभा होता. असा माणूस देशातील आदिवासींना परकेच समजतो, हेही त्याच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून मांडले गेले. भिंत अन्याय्य आहे, असे कोणी म्हटले नाही. भिंतीच्या अलीकडे आम्हाला मोजा, एवढेच मागणे होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने ते नाकारले. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निर्णय झाला.

परिणाम तत्काळ दिसले. आधी दिलेली नागरिकत्वे सरकार परत घेऊ लागले. पेशावरहून १९१५ मध्ये सहकुटुंब आलेले वैष्णो दास बगाई १९२१ मध्ये नागरिक झाले होते. ते नागरिकत्व गेले आणि त्याबरोबर मालमत्ताही गेली. हिंदुस्थानास भेट देण्यासाठी त्यांनी अमेरिकन पारपत्र मागितले, तेही मिळाले नाही. ब्रिटिश सत्तेला विटून देश सोडलेल्या या माणसाला ब्रिटिश पारपत्र घेण्याचा सल्ला मिळाला. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पंडितांवरही तीच कारवाई झाली; मात्र ते जिंकले. त्यांना तारणारा मुद्दा आर्यत्वाचा नव्हता. १९१४ मध्ये उघड सुनावणी झाली होती, सरकारने आपले म्हणणे मांडले होते, अपील केले नव्हते. एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा उकरता येणार नाही, असे अपील न्यायालयाने १९२६ मध्ये ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी त्यात हात घालण्यास नकार दिला. वंशाचा दावा कोसळला आणि कोणत्याही पक्षकाराला लागू होणारा न्यायाचा साधा नियम टिकला. सवलत देणाऱ्याची मर्जी फिरली की सवलत जाते. सर्वांसाठी असलेला नियम दुबळ्यालाही आधार देतो. या साऱ्या प्रकरणाचे सार मला यातच दिसते.

पुढचा प्रवास संथ होता. १९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. वर्षाचा कोटा होता १००. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रमूळावर आधारलेले जुने कोटे रद्द केले आणि आपल्या डॉक्टर-अभियंत्यांना वाट मोकळी झाली. तरीही नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणतः ७ टक्क्यांवर जाऊ दिला जात नाही. छोट्या देशाला आणि भारताला माप एकच. म्हणून भारतात जन्मलेला उमेदवार वर्षानुवर्षे रांगेत राहतो. रंगाचा प्रश्न अर्जातून गेला, पण जन्मस्थानाचा राहिला.

आता बडोद्याकडे वळतो. ज्या बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये व्हिसा लागला नव्हता, ते १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेसाठी या नगरीत आले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांकडेही आसरा मिळेना, तेव्हा ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतले. पुढे या व अशा अनुभवांचे जे टिपण त्यांनी लिहिले, ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे व्हिसाची प्रतीक्षा.

परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना मुलाखतीत काय विचारतील, याची तयारी आपण अवश्य करून घ्यावी. कागद खरे असावेत, पुरे असावेत. पंडितांना अखेर उघड आणि पुऱ्या नोंदीनेच वाचवले. पण कामाठी बागेवरून जाताना त्यांना ही हकीकतही सांगावी. दुसऱ्याच्या दाराशी न्याय मागणाऱ्याने आपल्या दाराशी कोण ताटकळत उभे आहे, हे पाहिले पाहिजे. गावात भाड्याने घर देताना आपण आजही आडनाव विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वकिलातीत मिळणार नाही. ते आपल्यालाच द्यावे लागेल.