सायकलीचें माप

वऱ्हाडांतील खेड्यांत मूल सायकल शिकतें, तें बैठकीवर बसून नव्हे. वडिलांची मोठी सायकल घ्यावयाची, उजवा पाय आडव्या दांड्याखालच्या त्रिकोणांतून पलीकडे घालावयाचा, उजवा हात बैठकीवरून टाकावयाचा आणि तिरप्या अंगानें अर्धें अर्धें पायडल मारीत गांवाबाहेरच्या रस्त्याला लागावयाचें. या प्रकाराला लोक कैची म्हणतात. पाहणाऱ्याला त्याचें हसूं येतें, मुलाला तो पराक्रम वाटतो. यंत्र माणसाच्या मापाचें झालें नाहीं, म्हणून माणूसच यंत्राच्या मापाचा होऊं पाहतो, एवढा अर्थ मात्र त्या वांकड्या आकृतींत भरलेला आहे.

मूल मोठें झालें म्हणजे बैठक खालींवर करतां येते, हँडलहि थोडें वर घेतां येतें. एक अवयव मात्र कोणाहि स्वाराकरितां बदलत नाहीं. मधल्या आंसापासून पायडलापर्यंत जाणारी लोखंडी दांडी, तोच हा अवयव. दुरुस्तीच्या दुकानांत तिला क्रँक म्हणतात. साध्या सायकलीवर ती कॉटर पिनेनें आंसाला घट्ट बसविलेली असते आणि तिची लांबी साधारणपणें साडेसहा ते सात इंच असते. उंच पोलीस शिपाई असो, ठेंगणा शिक्षक असो, कीं तेरा वर्षांची विद्यार्थिनी असो, पाय फिरावयाचा तो त्याच वर्तुळांत. हें माप कोणाच्या पायावरून ठरलें?

मौजेची गोष्ट अशी कीं, एके काळीं सायकल स्वाराच्या पायावरूनच मापली जात असे. १८६० ते १८७० च्या दरम्यान पॅरिसमध्यें मिशो यांच्या कारखान्यांत पुढच्या चाकालाच पायडलें लावलेल्या गाड्या तयार होऊं लागल्या. त्यांना साखळी नव्हती. पायडलाचा एक फेरा तोच चाकाचा एक फेरा. अधिक वेग हवा असेल तर चाक मोठें करणें एवढाच उपाय. म्हणून पुढें इंग्लंडांत तें पुढचें चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत पोहोंचलें. त्या वाढीला मर्यादा एकच होती, ती स्वाराच्या पायाच्या लांबीची. म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाचें माप पाहून त्याला ५० इंची, ५२ इंची किंवा ५४ इंची चाक दिलें जाई. इतकेंच नव्हे, तर त्या काळच्या पुष्कळ सायकलींच्या क्रँकला लांबट खांच असे. पायडल त्या खांचेंत आंतबाहेर सरकवून स्वार आपल्या पायाजोगें वर्तुळ ठरवीत असे. शिंप्यानें अंगरखा बेतावा, तशी ती गाडी बेतलेली असे.

१८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें रोव्हर नांवाची सायकल पुढें आणली. बेताच्या उंचीचीं दोन चाकें, त्यांच्या मध्यें पायडलें आणि तेथून मागच्या चाकाकडे साखळी, अशी तिची रचना होती. १८८८ सालीं डनलपनें हवेचा टायर सिद्ध केला. उंच चाकावरून डोक्यावर पडण्याचें भय गेलें आणि सायकल सर्वसामान्यांची झाली. वेग आतां साखळीच्या दांत्यांवर ठरूं लागला. स्वाराच्या पायाशीं चाकाला कर्तव्य उरलें नाहीं. ही सुधारणा फार मोठी होती, यांत शंका नाहीं. परंतु तिच्याबरोबरच शिंप्याची ती दृष्टि लोपली. एका साच्याच्या हजारों दांड्या काढणें कारखान्याला सोयीचें, आणि पाय कसलाहि असला तरी तो त्या दांडीवर फिरतोच.

अशी ही तयार मापाची सायकल हिंदुस्थानांत आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं सायकलींचें दुकान काढलें. ते सायकली विकीत आणि चालविण्यासहि शिकवीत. पुढें नांगरामुळें घरोघर पोहोंचलेल्या किर्लोस्कर कारखानदारीचा उगम त्या लहानशा दुकानांत आहे. माल तेव्हां विलायतेहून येई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईंत हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर असनसोल, मद्रास, सोनीपत व लुधियाना येथें मोठे कारखाने निघाले. सायकल देशी झाली, स्वस्त झाली. अकोल्याच्या कापूस बाजाराकडे निघालेला मजूर, अमरावतीचा दूधवाला, टपालाचा शिपाई, खेडोपाडीं कापड विकणारा फेरीवाला, या साऱ्यांचे ती जणूं पाय झाली. सांगाडा २०, २२ आणि २४ इंची मिळूं लागला. क्रँकचें माप मात्र जवळजवळ होतें तेथेंच राहिलें.

वऱ्हाडांत या मापाची परीक्षा दोन ठिकाणीं होते. पूर्णेच्या खोऱ्यांतील सपाट पयनघाटावर स्वार तासन् तास एका लयींत पाय फिरवितो; उत्तरेस परतवाड्याहून चिखलदऱ्याचा चढ लागला कीं तोच स्वार पायडलावर उभा राहतो आणि अखेर उतरून सायकल ढकलूं लागतो. अशा वेळीं दांडी जरा लांब असती तर बरें झालें असतें, असें त्याला वाटतें. हा समज खोटा नाहीं, पण अपुरा आहे. जात्याचा खुंटा कडेला असला तर दळणें हलकें जातें, मध्याजवळ असला तर जड जातें. पण कडेच्या खुंट्याबरोबर हाताला मोठा फेरा घालावा लागतो. क्रँकचेंहि तसेंच आहे. साडेसहा इंची क्रँकवर पाऊल एका फेऱ्यांत सुमारें ४१ इंच चालतें, सात इंचीवर ४४ इंच. जोर शेंकडा सातांनीं कमी लागतो, तर वाट जवळजवळ तेवढ्याच प्रमाणांत वाढते. या व्यवहारांत फुकट कांहींच मिळत नाहीं.

खरा प्रश्न गुडघ्याचा आहे. पाय अगदीं खालीं गेला असतां तो जवळजवळ सरळ व्हावा, अशा बेतानें बैठक लावावयाची असते. मग तो वर आला म्हणजे गुडघा किती दुमडेल, हें क्रँक ठरविते. कारण वरच्या आणि खालच्या टोकांतील अंतर तिच्या दुप्पट, म्हणजे साडेसहा इंचीला तेरा इंच असतें. लांब पायाला तें सहज झेपतें. आंखूड पायाचा गुडघा मात्र दर फेऱ्याला पोटाकडे येतो, कंबर आवळते, आणि तशा दुमडलेल्या स्थितींतच जोर लावावा लागतो. पुढें ४४ व मागें १८ दांते आणि २८ इंची चाक धरलें, तर पाय न थांबवितां पांच किलोमीटर जाण्यास नऊशेंहून अधिक फेरे पडतात. परतीचे तितकेच. दांडी एक इंच आंखूड केली तर बैठक एक इंच वर घेतां येते आणि वरच्या टोकाला गुडघ्याला दोन इंचांची मोकळीक मिळते. थांबतांना जमिनीला पाय टेकणें थोडें अवघड होतें, हा त्यांतील तोटा.

मग आंखूड दांडीनें शक्ति कमी पडेल काय? २००१ सालीं अमेरिकेंतील मार्टिन आणि स्पिर्दूसो या संशोधकांचा या विषयावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनीं १६ सराईत सायकलस्वारांना १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंत पांच निरनिराळ्या लांबीच्या क्रँक देऊन प्रत्येकीवर पूर्ण जोर लावावयास सांगितलें. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबींत शक्तीचा फरक पडला तो शेंकडा सुमारें चारच. दांडी आंखूड झाली कीं पाय अधिक जलद फिरतो आणि तूट बहुतेक भरून निघते. पायाच्या लांबीचा पांचवा हिस्सा हें माप सर्वांत अनुकूल ठरलें. त्या हिशेबानें साडेसहा इंची क्रँक साडेबत्तीस इंच लांब पायाची होते. ज्या मुलीचा पाय अठ्ठावीस इंच, तिची क्रँक साडेपांच इंचांच्या थोडी वर भरते. तात्पर्य, लांब दांडी म्हणजे अधिक बळ हा समज टिकत नाहीं, आणि ठेंगण्या स्वाराला आंखूड दांडी नाकारण्याचें शक्तीच्या दृष्टीनें कांहींच कारण उरत नाहीं.

ही गोष्ट वऱ्हाडला नवी वाटूं नये. अमरावतीस १९१४ सालीं स्थापन झालेल्या आणि १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं तेथें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें करून आलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळें आखाड्याची परंपरा येथें घरोघर ठाऊक आहे. आखाड्यांत कोणताहि जाणता वस्ताद दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं मल्लाची मुद्गलजोडी देत नाहीं. आधीं अंग पाहावयाचें, मग साधन द्यावयाचें, हा तेथला पहिला पाठ.

२०२२ च्या जून महिन्यांत अमरावती आणि अकोला यांच्यामधील महामार्गाच्या ७५ किलोमीटरांच्या पट्ट्यावर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबर घातलें गेलें आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून गिनीज बुकांत नोंद झाली. चाकासाठीं एवढी दक्षता घेतली जाते, हें उत्तमच. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमानें आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेंत जाण्यासाठीं सायकली दिल्या, ही तर त्याहून मोठी गोष्ट. ज्या मुलीचें शिक्षण अंतरामुळें थांबलें असतें, तिच्यापुढें त्या दोन चाकांनीं शाळेची वाट मोकळी केली. मुलींच्या सायकलीला आडवा दांडा नसतो, म्हणून तिला कैची घालावी लागत नाहीं. कारखान्यानें तिच्यासाठीं सांगाडा बदलला. तसा क्रँकचाहि एक इंच कमी करणें त्याला अशक्य नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं दुकानदार गिऱ्हाइकाच्या पायाला माप लावून मगच गाडी काढीत असे. वऱ्हाडच्या शाळकरी मुलीच्या पायाला तें माप अजून लागावयाचें आहे.