नळदुर्गचा पाणीमहाल : निसर्ग उद्दीपन की आलंबन?

मराठी निसर्गकवितेची चर्चा बहुधा बालकवींपासून (१८९०-१९१८) सुरू होते आणि तिची प्रेरणा इंग्रजी रोमँटिक काव्यात शोधली जाते. त्याआधीच्या वाङ्मयात निसर्ग नव्हता, असे कोणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीतील चांदणे टिपणारी चकोराची पिले सर्वांच्याच स्मरणात असतात. पण ती दृष्टांतासाठी येतात आणि दृष्टांताचे कार्य संपताच निघून जातात. या मांडणीत दखनी दरबारांच्या कलेला स्थान नाही. तिची भाषा दखनी वा फारसी होती, एवढेच त्याचे कारण दिसते. भूमी मात्र हीच होती.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५८०-१६२७) नळदुर्ग येथे बोरी नदीवर धरण बांधले गेले. १६१३चा पाणीमहाल या धरणाच्या पोटातच आहे. धरणाने मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाशी जोडला. त्याचा लष्करी उपयोग उघड आहे. त्या उपयोगासाठी महालाची मात्र काहीच गरज नव्हती. पावसाळ्यात नदी भरली की पाणी दोन सांडव्यांवरून कोसळते आणि मधल्या दालनातला माणूस कोरडा राहून ते पाहतो. बादशाही बागेतील पाणी पाटांतून, कारंज्यांतून माणसाच्या सोयीने खेळवलेले असते. येथे दालनच पाण्यात नेऊन ठेवले आहे. नदी आटली असेल तेव्हा ही कलाकृती अपुरीच असते.

संस्कृत साहित्यशास्त्राने निसर्गाला प्रामुख्याने उद्दीपन विभावाचे, म्हणजे भाव चेतवणाऱ्या परिस्थितीचे, स्थान दिले. पाणीमहालात तो आलंबन होतो. ज्याच्याविषयी भाव जागा व्हावा, ते पाणीच आहे. या बादशहाला रससिद्धान्त अपरिचित नव्हता. त्याने दखनीत रचलेल्या गीतसंग्रहाचे नाव ‘किताब-ए-नौरस’. १५९९ मध्ये वसवू घेतलेल्या नगरीचे नाव नौरसपूर. त्या संग्रहात सरस्वती आणि गणपती यांच्याबरोबर आतशखान हा हत्तीही गीताचा विषय होतो, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे.

त्याच्याच काळातील एक विजापुरी चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. जोगीण आणि साळुंकी असा त्याचा विषय. ‘मेघदूता’तील यक्षपत्नीही सारिकेशी बोलते; पण तेथे सारिका पिंजऱ्यात आहे आणि संभाषण दूरस्थ पतीविषयीचे आहे. या चित्रात पिंजरा नाही. हातावरची साळुंकी जोगिणीच्या नजरेला नजर देते, भोवतालची फुले प्रमाण सोडून मोठी झाली आहेत आणि राजवाडा लांब टेकडीवर लहानसा उरला आहे. चित्रकाराने सत्तेला इतके दूर ठेवावे आणि तेही राजाश्रयात राहून, हे केवळ अलंकरण म्हणून सोडून देता येत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो : हा सारा राजविलास, त्यातून लोकजाणीव कशी सिद्ध व्हावी? आक्षेप रास्त आहे. धरण बांधणाऱ्या मीर मुहम्मद इमादीनचे नाव टिकले, दगड वाहणाऱ्यांची नावे टिकली नाहीत. तरीही त्या दोन सांडव्यांना आजूबाजूच्या लोकांनी दरबारी नाव दिलेले नाही. त्यांतल्या एकाला ते नर म्हणतात, दुसऱ्याला मादी.